तीन जंगल जेट्ट्या, दोन घाट आणि पंचांग : पुणे–दिवेआगर–गुहागर–मार्लेश्वर–कोयना–पुणे लूपचा सविस्तर रिव्ह्यू

समुद्र, डोंगर आणि धबधबे असं तिन्ही एकाच चक्करमधे बघायचं आणि गेलेल्या रस्त्याने परत यायचं नाही, अशी ट्रिप शोधताय ना, मग हा लूप डोळे झाकून करा. पुण्यातून ताम्हिणी उतरून दिवेआगर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे, तिथून आत वळून मार्लेश्वर, चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, सातारा, ठोसेघर आणि पुणे. सगळं मिळून आठशेच्या आसपास किलोमीटर होतात, थोडे इकडेतिकडे फिरलात तर अजून. ऐकायला फार वाटत नाही, पण कोकणातले किलोमीटर हायवेच्या हिशोबाने मोजू नका, तिथे तासाला तीस-पस्तीस पडले तरी भरपूर झाले आणि त्याच्यापेक्षा जोरात जायचं तर कोकणात जायचंच कशाला.

बहुतेक लोक हा प्लॅन किलोमीटर आणि हॉटेल बघून करतात. माझं मत असं झालंय की हा लूप तिथी बघून करावा. खरंच सांगतोय, कालनिर्णय समोर घेऊन बसा. कारण ह्या रूटवर दोन जागा अशा आहेत की एक ओहोटीलाच बघता येते आणि दुसरी भरतीलाच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, म्हणजे तो कातळातल्या घळीतून पायऱ्या उतरून समुद्राच्या अगदी काठाने जाणारा रस्ता, पाणी खाली असतानाच करायचा, भरतीच्या वेळी तिथे लाट कधी अंगावर येईल सांगता येत नाही आणि माणसं वाहून गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. आणि हेदवीची बामणघळ बरोब्बर उलट, भरती नसेल तर नुसती कातळातली भेग दिसते, भरतीला मात्र पाणी त्या भेगेत घुसून जे वर उसळतं ते बघायला तासभर उभं राहावंसं वाटतं. आता ह्या दोन्ही जागा एकाच ट्रिपमधे बरोबर वेळेला कशा साधायच्या? तर किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. दिवेआगरला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी आईला हे ओटीवर बसून बोटं मोजून समजावून सांगितलं, आणि आई पंचांगवाली असल्यामुळे पुढची सगळी ट्रिप तिनेच चालवली म्हणायला हरकत नाही. हा हिशोब ढोबळ आहे हां, निघताना त्या बंदराचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल नेटवर बघून घ्याच, पण प्लॅन ठरवायला तो पुरतो.

त्यामुळे आमचं जे बसलं ते असं. आश्विन शुद्ध तृतीयेला निघायचं, म्हणजे नवरात्र लागून दोनच दिवस झालेले. चतुर्थीला सकाळी नऊला हरिहरेश्वर ओहोटीत, आणि षष्ठीला दुपारी साडेचारच्या आसपास हेदवी भरतीत. घटस्थापनेनंतर लगेच निघाल्याने अजून एक फायदा, गणपतीला आलेले चाकरमानी कधीच परत गेलेले असतात, दसऱ्याचा लाँग वीकेंड अजून सुरू व्हायचा असतो, त्यामुळे रूमही मिळतात आणि फेरीबोटीला रांगही नसते. आणि दसऱ्याच्या आत घरी. नवरात्र जर सप्टेंबरच्या शेवटी आलं असेल तर त्या वर्षी नक्की जा, धबधबे चांगले भरलेले असतात. ऑक्टोबरच्या मध्यावर आलं असेल तर ताम्हिणीतले छोटे ओढे बारीक झालेले असतात, पण मोठे धबधबे तेव्हाही असतात आणि समुद्र मात्र जास्त शांत असतो. ज्यांना फक्त धबधबेच बघायचेत त्यांनी पितृपंधरवड्यात जावं, रूम अजून स्वस्त आणि पाणी भरपूर, पण मग हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेवर आशा ठेवू नका, पावसाळ्याची लाट ओहोटीलाही ऐकत नाही.

पहिला दिवस ताम्हिणी. चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि मग मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसायला लागलं की गाडीची काच खाली करायची. शक्यतो सकाळी सहाच्या आत पुणं सोडा, पिरंगुटचं ट्रॅफिक एकदा सुरू झालं की सगळा मूड जातो. घाटात कुठे थांबायचं ह्याची लिस्ट मी देणार नाही कारण जिथे धबधबा रस्त्याला लागून असतो तिथेच सगळे थांबतात आणि तिथेच गाड्या वळणावर लावतात, तसं करू नका एवढंच सांगणं. रुंद जागा बघून थांबा, दोन मिनिटं मागे चालत या. देवकुंड लोक ह्याच दिवशी घुसवतात, मला ते पटत नाही, तो चांगला मोठा ट्रेक आहे आणि पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंदी घालून बंद ठेवलेला असतो, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असताना विचारही करू नका. ताम्हिणीत मोबाइलला रेंज जाते, त्यामुळे मॅप आधीच ऑफलाइन डाऊनलोड करून ठेवा. खाली विळे, निजामपूर करत माणगाव, तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर.

दिवेआगरबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनाच माहितीये. सुवर्णगणेश २०१२ ला चोरीला गेला होता तो २०२१ ला परत बसवला, दर्शन घ्या, सुपारीच्या वाड्यांतून संध्याकाळी चालत समुद्रावर जा, एवढं पुरे. जेवण मात्र खानावळीतच करा आणि पोचायच्या आधी फोन करून सांगा, कारण तिथे माणसं मोजून स्वयंपाक होतो, तुम्ही रात्री साडेनऊला अचानक दारात उभे राहिलात तर काकू बिचाऱ्या नाही म्हणणार नाहीत पण मासे संपलेले असतील. आईचे नवरात्राचे उपास होते, तिला न मागता वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वेगळी करून मिळाली, आणि आमच्या ताटात सुरमई, सोलकढी. हे असं हॉटेलात होत नाही.

दुसऱ्या दिवशीचा दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता ह्या लूपमधला माझा सगळ्यात आवडता तुकडा. आरावीजवळ रस्ता समुद्राला इतका लागून जातो की मधे फक्त दगडांची रांग. आणि इथेच दिशेचा मुद्दा येतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीत. गाडी चालवणाऱ्यालाही काहीतरी बघायला मिळायला नको का? उलट्या दिशेने केलंत तर समुद्र डावीकडे, चालवणाऱ्याच्या नशिबी समोरचा रस्ताच. म्हणून मी सगळ्यांना हा लूप ताम्हिणी उतरून कुंभार्ली चढून करा असंच सांगतो. श्रीवर्धनला थांबणार असाल तर रोठा सुपारी घ्या, घरच्या पानाच्या डब्याला लागते. हरिहरेश्वरला नऊच्या ओहोटीला प्रदक्षिणा केली, आधी काळभैरवाचं दर्शन मग हरिहरेश्वर मग परत काळभैरव अशी तिथली पद्धत आहे. लाटांनी खडकाला जी जाळी पाडली आहे ती हात लावून बघा. पायऱ्यांवर चप्पल घसरते, मागे पट्टा असलेली घाला. आणि तिथे बोर्ड लावलेले आहेत ते वाचा, देवळात किंवा स्थानिक माणसाला एकदा विचारा की आत्ता उतरू का, ते नको म्हणाले तर नको.

आता मुख्य विषय, फेरीबोट. तिकडे सगळे जंगल जेट्टी म्हणतात. बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, आणि तवसाळ ते जयगड, ह्या तीन फेऱ्या म्हणजे ह्या लूपचा कणा आहे, त्या नसत्या तर हा लूप झालाच नसता. कोकणात दर वीस-तीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते आणि पूल असतो तो पार आत. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण असा वळसा, शंभरच्या पुढे किलोमीटर, आणि दाभोळच्या बोटीने तेच पन्नासच्या आत. दाभोळची ही सेवा २००३ पासून सुरू आहे, आणि तेव्हापासून दापोली आणि गुहागर हे दोन तालुके खऱ्या अर्थाने शेजारी झाले असं मला वाटतं. तुम्ही बोटीवर नुसते टुरिस्ट बघणार नाही, मोटरसायकलवर माशांची टोपली घेऊन चाललेला माणूस असतो, कॉलेजची मुलं असतात, भाजीचा टेम्पो असतो, एखादं वऱ्हाड असतं. पर्यटनासाठी बनवलेली राइड नाहीये ती, लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याची सोय आहे, आणि म्हणूनच ती मला एवढी आवडते.

ज्यांनी कधी गाडी बोटीत घातली नाही त्यांच्यासाठी, घाबरायचं काही नाही. जेट्टीच्या अलीकडे तिकीट खिडकी असते, गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं तिकीट, सुट्टे पैसे जवळ ठेवा कारण ऑनलाइनला रेंज असेलच असं नाही. मग बोटीवरची पोरं हाताने खुणा करतात तशी गाडी घ्यायची, पुढे म्हणतील तर पुढे, रिव्हर्स म्हणतील तर रिव्हर्स, त्यांना जागेचा इतका अंदाज असतो की दोन गाड्यांच्या आरशांमधे जेमतेम हाताचं अंतर ठेवून ते सगळं बसवतात. "दादा, गिअरमधे ठेवा आणि हँडब्रेक ओढा," हे एक वाक्य प्रत्येकाला सांगतात ते ऐका. उताराची ओली जेट्टी आणि लोखंडी पाट ह्या दोन जागी फक्त हळू, पहिल्या गिअरवर. लो-स्लंग गाडी असेल तर पाटावर खालून घासू शकते, माणसं आधी उतरवा. मग गाडीतून उतरून वरच्या डेकवर जायचं. दहा-पंधरा मिनिटांचाच प्रवास पण आमच्या लेकीला सगळ्या ट्रिपमधलं काय आवडलं विचारलं तर तिन्ही बोटी सांगते.

वेळा मी इथे लिहीत नाही कारण त्या सीझनप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी फोन करून शेवटची बोट कितीची हे विचाराच. मॅपच्या भरवशावर राहू नका, मॅपला बोट चालू आहे की बंद ते नीट कळतंच असं नाही, आणि तुमच्या सेटिंगमधे फेरी टाळा हा पर्याय ऑन असेल तर तो तुम्हाला गुपचूप चिपळूणमार्गे पाठवेल. तो आधी ऑफ करून मगच रूट बघा. जोरदार वारा-पाऊस असेल तर बोट बंद ठेवतात आणि ते बरोबरच आहे, अशा वेळी तवसाळला अडकलात तर मागे फिरून आबलोलीवरून भातगावच्या पुलाने शास्त्री ओलांडता येते, एवढा प्लॅन बी डोक्यात असू द्या.

बागमांडल्याची बोट सावित्री नदीच्या मुखावर आहे, अलीकडे रायगड जिल्हा पलीकडे रत्नागिरी. वेश्वीला उतरलात की बाणकोटचा छोटासा किल्ला जवळच आहे, वरून खाडीचं तोंड पूर्ण दिसतं, अर्धा तास द्या. पुढे मांदिवलीवरून केळशी, महालक्ष्मीचं घुमटांचं देऊळ, आणि मग आडे, पाडले करत आंजर्ल्यापर्यंतचा रस्ता, अरुंद, समोरून एसटी आली तर कोणीतरी मागे जायचंच, पण इतका सुंदर की कोणी चिडत नाही. वेळासला कासवं बघायला म्हणून आत्ता कोणी जाऊ नका, पिल्लं समुद्रात सोडतात ती साधारण फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमधे, ती वेगळी ट्रिप करा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी संध्याकाळी पोचलो, तिथून खाली माडांचं बन, पुढे समुद्र आणि त्यात सुवर्णदुर्ग. हर्णैचा मासळी लिलाव बघायचा असेल तर दुपार टळल्यावर बंदरावर पोचा. वास येणार, चिखल असणार, गर्दी असणार, पण होड्यांतून बैलगाड्यांनी मासळी किनाऱ्यावर येते ते बघण्यासारखं असतं आणि तिथे लिलाव करणाऱ्या बायकांचा हिशोब ऐकून थक्क व्हायला होतं.

मुक्कामाबद्दल एक तक्रार सांगतो, नाव घेत नाही. किनाऱ्यावरच्या एका जागी फोनवर एक रेट सांगितला आणि गेल्यावर एसीचे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे आणि एक्स्ट्रा गादीचे वेगळे असे करत बिल दीडपट झालं, रूमला ओलीचा वास होता आणि चादरी दमट. पावसाळ्यानंतर कोकणात दमटपणा असणारच, ते मी समजू शकतो, पण रेट आधी पूर्ण सांगायला काय हरकत आहे. म्हणून बुकिंग करताना व्हॉट्सॲपवर सगळं लिहून घ्या, जेवण धरून की सोडून, गादी किती, चेकआऊट किती वाजता. बाकी सगळीकडे घरगुती राहणं उत्तमच होतं.

पंचमीला दापोलीवरून दाभोळ. बोटीत चढायच्या आधी दोन गोष्टी बघा. चंडिकादेवीचं देऊळ, कातळातल्या गुहेत, आत समईचाच उजेड, वाकून जावं लागतं, नवरात्र असल्यामुळे रांग होती पण आईने ती आनंदाने लावली. आणि जेट्टीजवळची जुनी दगडी मशीद, सतराव्या शतकातली, दाभोळ एके काळी केवढं मोठं बंदर होतं ह्याची ती एकच ठळक खूण आता उरलीय. बोटीतून समुद्राकडे बघितलं की पलीकडच्या अंजनवेलच्या बाजूला तो एन्रॉनचा वीजप्रकल्प दिसतो, आता नाव वेगळं आहे पण लोक अजून एन्रॉनच म्हणतात. ही खाडी वाशिष्ठी नदीची. ह्या पाण्याबद्दल पुढे कोयनेला गेल्यावर परत बोलतो, तोवर लक्षात ठेवा.

गुहागरचा किनारा लांबच लांब, सुरूचं बन आणि गर्दी नाही, व्याडेश्वराचं देऊळ भर गावात. इथे एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीची दुपार निवांत काढा, कारण षष्ठीला हेदवीची भरती साडेचारला आहे, घाई करून काही उपयोग नाही. वेळणेश्वराला दर्शन, जेवण, मग हेदवीच्या दशभुज गणपतीला आणि तिथून खाली उमामहेश्वराच्या देवळापाशी बामणघळ. आम्ही चारला पोचलो, पाणी चढत होतं, आणि पुढच्या अर्ध्या तासात ते आधी नुसतं खळखळत आत येणारं पाणी फवाऱ्यासारखं वर उडायला लागलं. आम्ही होतो तेव्हा दोन फॅमिली येऊन सेल्फी काढून पाच मिनिटांत निघून गेल्या, वेळेआधी आल्या होत्या, त्यांना काहीच दिसलं नाही. घळीच्या कडेला जाऊ नका, कातळ शेवाळलेला असतो, लांबूनच दिसतं. मग तवसाळ, संध्याकाळची बोट, शास्त्री नदीच्या मुखावरून जयगड. ह्या फेरीत किल्ला आणि बंदराच्या क्रेन आणि पॉवर प्लांटच्या चिमण्या एकाच नजरेत येतात. वेळ असेल तर कऱ्हाटेश्वर बघा, समुद्राच्या कड्यावरचं शांत देऊळ, मला तर गणपतीपुळ्यापेक्षा तिथे जास्त बरं वाटलं.

गणपतीपुळ्याबद्दल थोडक्यात, चतुर्थी टळून गेलेली असल्याने दर्शन पटकन झालं. समुद्रात पोहू नका, तो किनारा फसवा आहे आणि तिथे दरवर्षी माणसं बुडतात. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, मराठी माणसाने रस्त्यावरून जाताना तिथे न थांबता जाणं मला बरं वाटत नाही. आणि सकाळी लवकर उठून आरे-वारेचा रस्ता करा, घाटवळणावरून खाली दोन्ही किनारे दिसतात, उजवीकडे समुद्र तो इथे शेवटचा, म्हणून मी तिथे मुद्दाम गाडी जास्त वेळ उभी केली.

तिथून पुढे लूपचा नावडता भाग, मुंबई-गोवा हायवे. चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललंय, काही पट्टे मस्त झालेत आणि काही ठिकाणी अचानक डायव्हर्जन, रात्री अजिबात करू नका. संगमेश्वरला वळून देवरुखमार्गे मार्लेश्वर. हे ठिकाण धबधब्यांच्या लिस्टमधे फार कमी जण टाकतात आणि मला त्याचं आश्चर्य वाटतं. सह्याद्रीच्या पोटात, पाचशेच्या आसपास पायऱ्या चढून जायचं, वर गुहेत शंकर, गाभाऱ्यात विजेचे दिवे नाहीत, समयांचाच उजेड, आणि बाहेर आलात की समोर धारेश्वरचा धबधबा कड्यावरून कोसळतोय. मकर संक्रांतीला इथे मार्लेश्वर आणि गिरिजादेवीचं लग्न लागतं, तेव्हा मोठी यात्रा असते. पायऱ्या आईला जमतील का अशी धाकधूक होती, पण मधे मधे बसायला जागा आहे, सरबतवाले आहेत, दीड तासात आरामात होतं. चिपळूणच्या मुक्कामी पोचलात आणि उजेड असेल तर परशुराम घाटाखालचा सवतसडा बघा, हायवेपासून जवळच आहे. पण दोन्हीपैकी एकच होणार असेल तर मार्लेश्वर.

अष्टमीला कुंभार्ली. सकाळी निघा, ट्रक-टँकर भरपूर असतात आणि संध्याकाळी धुकं उतरतं. घाटाच्या पायथ्याशी अलोरे, पोफळी लागतं आणि इथे ती पाण्याची गोष्ट. कोयना नदी खरं तर पूर्वेला जाणारी, कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी. पण धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी डोंगरातून बोगदे खणून पश्चिमेला आणलंय, ते पोफळीच्या वीजघरांवर पडतं, वीज करतं आणि मग वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. म्हणजे आपण तीन दिवसांपूर्वी दाभोळला ज्या पाण्यावरून गाडीसकट गेलो त्यात कोयनेचं पाणी होतं. हे लेकीला घाटाच्या वरच्या वळणावर थांबून दाखवलं, खाली चिपळूणच्या दिशेला हात करून, आणि तिने सरळ विचारलं की मग आपण आता पाण्याच्या उलट्या बाजूने वर चाललोय का. हो, अगदी तसंच. १९६० मेगावॉटचा हा प्रकल्प, जलाशयाला खालून भोक पाडायचं लेक टॅपिंग इथे १९९९ ला आणि २०१२ ला झालं, १९६७ च्या डिसेंबरमधला भूकंप झेलून धरण उभं आहे. शाळेत पाठ केलेलं सगळं, पण घाट चढताना कळतं की पाणी केवढ्या उंचीवरून खाली येतं.

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण दिसतं, १०५ टीएमसीचा तो जलाशय नवरात्रात बहुतेक वर्षी भरलेलाच असतो. धरणाच्या भिंतीवर जाता येत नाही, फोटोवरही बंधनं आहेत, सिक्युरिटीवाल्यांशी वाद घालू नका. मग नवजा रस्त्याने ओझर्डे धबधबा, हा माझ्या मते पूर्ण लूपमधला एक नंबर. अभयारण्याच्या हद्दीत आहे, थोडं जंगलातून चालत वर जायचं, आणि नवजाला पाऊस इतका पडतो की पावसाळा संपल्यावरही ओझर्डे जोरात असतो. पुण्याहून बरेच जण वीकेंडला ठोसेघर करून परत येतात, पण ओझर्ड्याला गर्दी त्या मानाने कमी आणि जंगल जास्त. दुपारी उशिरा पोचू नका, वनखातं संध्याकाळी आत सोडत नाही. पाटणजवळ सडावाघापूरचा उलटा धबधबा पण ह्याच बाजूला आहे, मात्र त्याला जोरदार वारा आणि भर पावसाळा दोन्ही लागतं, नवरात्रात तिथे जाऊन हिरमोड करून घेऊ नका.

पाटण, उंब्रज, हायवे आणि सातारा. नवमीला सकाळी ठोसेघर, सज्जनगड रस्त्यातच आहे, तिथे समाधीचं दर्शन घेऊन पुढे. ठोसेघरला प्रेक्षागॅलरी नीट बांधलेली आहे, आईला इथे चढावं लागलं नाही, निवांत बसून बघता आलं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत जाऊन या, पठारावर वारा मस्त असतो. कंदी पेढे घेऊन पुणं.

पेट्रोल माणगाव, दापोली, गुहागर, चिपळूण इथे भरून घ्या, मधल्या गावांत पंप मिळेलच ह्या आशेवर राहू नका, आणि सीएनजीवर हा किनारा करायचा विचार करत असाल तर टाकी पेट्रोलने फुल ठेवा. साधी हॅचबॅक सगळीकडे जाते, एसयूव्ही लागत नाही, उलट केळशी-आंजर्ल्याच्या रस्त्याला छोटी गाडीच बरी. टायर आणि ब्रेक बघून घ्या, दोन घाट आहेत.

सहा मुक्कामांची सुट्टी नसेल तर गणपतीपुळे आणि मार्लेश्वर सोडा, गुहागरहून सरळ चिपळूण आणि कुंभार्ली पकडा, गुहागर-विजापूर हायवे तोच आहे. मग चार मुक्कामांत होतं. अजूनच कमी दिवस असतील तर पहिल्या दिवशी दिवेआगरला न थांबता थेट हरिहरेश्वर गाठा. पण बागमांडला आणि दाभोळ ह्या दोन बोटी तोडू नका, आणि निघायची तारीख ठरवायच्या आधी चतुर्थी कोणत्या वारी येतेय ते बघा, शनिवार-रविवारी आली तर हरिहरेश्वरला गर्दी असते, मंगळवार ते गुरुवार आली तर रजा टाका.